पंख फुटलेलं पान

भाऊबीज आटोपून आम्ही रात्री उशिरा गावाहून डोंबिवलीला परतलो. कुलूप काढून दार ढकललं आणि आत पाऊल टाकण्याआधीच वास आला, नासलेल्या कोळंबीसारखा. हॉलमधल्या टाकीचा दिवा लावला. पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं. पाच एंजल माशांपैकी तीन वाळूवर आडवे पडले होते. उरलेले दोन पाण्याच्या वरच्या थराशी तोंड लावून भराभर कल्ले हलवत होते. झाकणावर खाद्याची डबी होती. जाताना काठोकाठ भरून ठेवलेली ती डबी आता रिकामी होती.

किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली होती. त्यांनी जराही हयगय केली नव्हती. सकाळी देवपूजा झाली की त्या यायच्या, दुपारी यायच्या, दिवेलागणीला यायच्या. माणूस जवळ गेला की मासे काचेशी गोळा होतात, तोंडं उघडमीट करतात. दारी आलेल्या कुणालाही कधी उपाशी न पाठवणाऱ्या बाईला त्यात भुकेशिवाय दुसरं काय दिसणार? दुसऱ्या दिवशी त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अहो, एक दिवससुद्धा उपाशी ठेवलं नाही हो मी त्यांना." ते अक्षरशः खरं होतं आणि मासे त्यानेच मेले होते. चूक त्यांची नव्हती, माझी होती. चांगला वाढलेला, निरोगी एंजल आठवडाभर काही न खाता सहज राहतो, हे मलाच ठाऊक नव्हतं. मग मी त्यांना काय सांगणार?

या गोष्टीला बारा वर्षं झाली. तेव्हापासून या एका माशाचं खाणं आणि वागणं मी टाकीसमोर बसून, बाजारात उभं राहून आणि पुस्तकांतून समजून घेत आलो आहे. आपल्याकडे प्रेम वाढून दाखवतात. पंगतीत आग्रह होतो, पण नको असेल तर पाहुणा पानावर हात आडवा धरतो. टाकीतल्या माशाला हात आडवा धरता येत नाही. त्याचं 'पुरे' आपल्यालाच ओळखावं लागतं, आणि त्यासाठी तो मूळचा कोण, कुठला, कसा जेवणारा, हे ठाऊक असावं लागतं.

दुबार नमुन्यांच्या यादीतला मासा

एंजलला विज्ञानातलं पहिलं नाव मिळालं ते बर्लिनमध्ये, १८२३ साली. तिथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाने आपल्याकडच्या दुबार नमुन्यांची एक यादी छापली होती. त्या यादीत ब्राझीलहून आलेल्या या माशाची नोंद आहे. पाठीवरचा पर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो म्हणून त्याला 'स्केलारिस', म्हणजे शिडीसारखा, असं नाव दिलं गेलं. पुढे १८४० मध्ये व्हिएन्नाचे मत्स्यतज्ज्ञ योहान याकोब हेकेल यांनी त्याच्यासाठी वेगळी प्रजाती मानली आणि तिला 'टेरोफायलम' हे ग्रीक नाव दिलं. 'टेरॉन' म्हणजे पंख किंवा पर आणि 'फायलॉन' म्हणजे पान. पंख फुटलेलं पान. ब्राझीलमधले लोक त्याला 'अकारा-बान्देरा' म्हणतात, म्हणजे निशाणासारखा मासा.

आज या प्रजातीत तीन जाती धरल्या जातात. आपल्या घरांतून दिसणारा स्केलारे, ओरिनोको आणि रिओ नेग्रोच्या वरच्या भागातला उंचापुरा आल्टम, आणि १९६३ मध्ये वर्णन झालेला लिओपोल्डी. हा शेवटचा बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्या नावाने ओळखला जातो. स्केलारेचा पसारा सगळ्यात मोठा. अमेझॉनच्या खोऱ्यात पेरू आणि कोलंबियापासून ब्राझीलपर्यंत तो सापडतो, आणि गयानातल्या एसेक्विबो नदीतही.

पान हे नाव किती नेमकं आहे ते त्याचं घर डोळ्यांसमोर आणलं की कळतं. पावसाळ्यात अमेझॉन काही मीटरांनी चढते आणि जंगलात शिरते. झाडांचे बुंधे, मुळं, पडलेल्या फांद्या सगळं पाण्याखाली जातं. पाण्याचा वेग मंदावतो. कुजणाऱ्या पाला-लाकडातून टॅनिन उतरून ते कोऱ्या चहासारखं दिसतं. अशा उभ्या खोडामुळांच्या गर्दीत जाडजूड मासा अडकेल, पण हातावर हात दाबावेत तसा दोन्ही बाजूंनी चपटा झालेला एंजल बोटभर फटीतूनही निघून जातो. अंगावरचे काळे उभे पट्टे मुळांच्या सावल्यांत मिसळतात. त्यांतला पहिला पट्टा थेट डोळ्यातून जातो. शिकारी आधी डोळा हेरतो, आणि इथे डोळाच पट्ट्यात लपलेला असतो.

पण हे लपणं दुहेरी आहे. एंजल जसा स्वतः वाचण्यासाठी दडतो, तसाच दुसऱ्याला गाठण्यासाठीही. त्याच्या खाण्याची गोष्ट इथून सुरू होते.

दबा धरून जेवणारा

एंजल ज्या कुळातला आहे त्याला सिक्लिड म्हणतात. या कुळातल्या माशांना जबड्यांच्या दोन जोड्या असतात. एक तोंडात, दुसरी घशात. तोंडाचा जबडा क्षणात पुढे येऊन भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो आणि घशातला जबडा ते चिरडतो. रानात एंजलचं जेवण म्हणजे पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या, छोटे झिंगे, इतर बारीक जीव आणि लहान मासे. तो पाठलाग करत नाही. एका जागी तरंगत राहतो, मान खाली करावी तसं अंग किंचित तिरकं करतो, भक्ष्यावर डोळा रोखतो आणि मग एक टिपणी. पाहणाऱ्याची पापणी लवते तेवढ्यात सगळं संपलेलं असतं.

नवखे लोक सर्वांत जास्त फसतात ते याच ठिकाणी. दुकानात आठाण्याएवढा गोंडस एंजल आणि त्याच्याबरोबर दहा-बारा चमचमते निऑन टेट्रा घेतले जातात. पहिले काही महिने सगळं आलबेल असतं. मग एकेका सकाळी निऑन मोजताना एक कमी भरतो. कुठे मेलेला सापडत नाही, उडी मारून बाहेर पडलेला सापडत नाही. निऑनची लांबी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर, अंग काडीसारखं. अमेझॉनमध्ये असले लहान मासे एंजलच्या आहारातलेच आहेत. आपण भक्षक आणि भक्ष्य एका काचेत आणून ठेवले आणि त्याला शोभा म्हटलं, तर दोष एंजलचा नाही. एंजलसोबत अंगाने उंच आणि रुंद टेट्रा, तळाशी चरणारे कोरिडोरास, असे तोंडात न मावणारे सोबती ठेवावेत.

घरच्या टाकीत या शिकाऱ्याला काय वाढायचं? चांगल्या प्रतीचे, पाण्यात सावकाश बुडणारे बारीक दाणे हा रोजचा वरणभात. आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म किंवा आर्टेमिया हे इवले झिंगे. ब्लडवर्म म्हणजे चावा न घेणाऱ्या एका माशीच्या लाल अळ्या. अधूनमधून उकडून सोललेल्या मटाराचा किंवा वाफवलेल्या पालकाचा बारीक तुकडा, किंवा स्पिरुलिना घातलेलं खाद्य. गच्चीवर झाकून नीट राखलेल्या बादलीत डासांच्या अळ्या मिळाल्या तर एंजलचा खरा सण. त्या वळवळत्या अळ्या टिपताना त्याच्या अंगावरचे पट्टे गडद होतात, पर ताठ उभे राहतात. एरवी सुस्त वाटणाऱ्या माशात नदी जागी होते. एवढंच की त्या सगळ्या अळ्या माशांच्या पोटात जातील याची काळजी घ्यायची, घरात डास होऊ द्यायचे नाहीत.

दुकानातून काचेच्या बशीत लालभडक गोळा होऊन वळवळणारे जिवंत ट्युबिफेक्स मात्र मी आणत नाही. हे किडे सेंद्रिय घाणीने भरलेल्या गाळात, गटारांच्या कडेने वाढतात. मासे ते आवडीने खातात हे खरं, पण त्यांच्याबरोबर रोगही घरात येतो. एके काळी एंजल आणि डिस्कस हे मासे पाळणारे लोक गुरांच्या हृदयाचं मांस किसून घालत. सस्तन प्राण्याची चरबी माशाला नीट पचत नाही आणि तिचा तवंग पाण्यावर धरतो, म्हणून ती पद्धत आता मागे पडते आहे.

एका ग्रॅमचा हिशेब

आता त्या रिकाम्या डबीकडे येऊ. माझी आजची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, वीस इंच उंच. तीत वाळू, लाकूड, दगड वजा जाता साधारण दोनशे लिटर पाणी धरू. त्यात एक ग्रॅम खाद्य जास्त पडलं असं समजा. एक ग्रॅम म्हणजे सढळ हाताची एक चिमूट. चांगल्या खाद्यात सुमारे पंचेचाळीस टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या वजनाचा सोळा टक्क्यांच्या आसपासचा भाग नायट्रोजनचा. म्हणजे त्या चिमटीत अंदाजे बहात्तर मिलिग्रॅम नायट्रोजन आहे. ते खाद्य कुणी न खाता कुजलं तर त्यातून अमोनिया सुटतो. दोनशे लिटरांत तो दर लिटरला एक तृतीयांश मिलिग्रॅमहून अधिक भरतो. काकूंच्या प्रेमाने तशा कितीतरी चिमटी रोज, पाच दिवस पडल्या होत्या.

खाद्य खाल्लं गेलं तरी हिशेब पूर्ण सुटत नाही. मासे प्रथिनांतला टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपातच बाहेर टाकतात. नदीत तो वाहून जातो, टाकीत तो तिथेच राहतो. टाकी तगते ती फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वस्ती केलेल्या जीवाणूंमुळे. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नवी टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणू नयेत. पाणी जितकं अल्कधर्मी तितका अमोनिया अधिक विषारी. सामू एका अंकाने वाढला तर विषारी रूपाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. एंजलच्या नदीतलं पाणी आम्लधर्मी असतं.

त्या आम्लाची थोडी सोय आपल्या रस्त्यावरच आहे. मुंबई-ठाण्याच्या गल्लीबोळांत पानं लाल करून गाळणारं बदामाचं झाड, देशी बदाम, त्याची वाळलेली पानं जगभरचे मत्स्यपालक पैसे मोजून घेतात. दोन-तीन स्वच्छ धुतलेली पानं पाण्यात सोडली की दोन दिवसांत पाणी फिकट चहासारखं होतं. गाडीच्या धुरापासून दूरच्या झाडाची, आपोआप गळलेली पानं घ्यावीत एवढंच. मासा अमेझॉनचा आणि पान आपल्या कोपऱ्यावरचं, पण पाण्याला ते परकं वाटत नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. वाढलेल्या एंजलांना दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. चिमूट एकदम सोडायची नाही. तिचे चार भाग करून टाकायचे, आणि पहिला भाग संपल्याशिवाय दुसरा नाही. जागा रोज एकच, पुढच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे तळाशी झाडं नाहीत. निसटलेला दाणा तिथे दिसतो आणि नळीने काढता येतो. आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. आमच्या घरी तो सोमवार आहे. आईचा उपवास सोमवारी असायचा, तोच वार माशांनाही लागू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं, मासे पानांमधून फिरत, देठांवरचे बारीक जीव टिपत असतात. उपाशी मासा सुकत नाही, तो शोधायला लागतो.

काचेशी येऊन तोंड उघडमीट करणं ही भूक नाही, ती शिकवण आहे. माणूस दिसला की वरून काहीतरी पडतं, हे एंजल फार लवकर शिकतो. अन्न कधी मिळेल याची खात्री नसलेल्या पाण्यात घडलेला हा जीव समोर आलेलं अन्न सोडतच नाही.

झाडं कशासाठी?

झाडं लावलेली टाकी ही अलीकडची हौस वाटते, पण काचेतलं पाणी पहिल्यांदा शास्त्रशुद्धपणे टिकलं तेच झाडांमुळे. १८५० साली लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका काचपात्रात सोनमासे, व्हॅलिसनेरिया ही लांब पात्यांची पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या. मासे जे सोडतात ते झाड घेतं, झाड प्राणवायू देतं आणि कुजकी पानं गोगलगायी साफ करतात, असा तो मेळ होता. ही व्हॅलिसनेरिया आपल्याकडच्या तळ्यांतही उगवते. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती तर सह्याद्रीच्या ओढ्यांतल्याच आहेत.

त्या मेळाला कलेचं रूप दिलं जपानच्या ताकाशी आमानो यांनी. १९५४ ते २०१५ हा त्यांचा जीवनकाळ. छायाचित्रकार असलेल्या आमानोंनी डोंगर, जंगल, नदीकाठ पाण्याखाली उभे केले. लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५ मध्ये पूर्ण झालेली त्यांची शेवटची टाकी चाळीस मीटर लांबीची. तिच्यापुढे आपल्या हॉलमधली तीन फुटांची टाकी एक ओंजळ, पण काम तेच.

एंजलच्या टाकीत मी मागच्या बाजूला व्हॅलिसनेरियाचा दाट पडदा लावला आहे, मध्ये दोन अमेझॉन स्वोर्डची रुंद पानं, तिरक्या लाकडाला बांधलेला जावा फर्न, आणि पुढची निम्मी जागा मोकळी. अनेक सिक्लिड मासे वाळू उकरून झाडं मुळासकट उपटतात. एंजलला ती सवय नाही, म्हणून झाडांच्या टाकीसाठी तो फार समजूतदार सिक्लिड. टाकी मात्र उंच हवी. वाढलेल्या एंजलचं अंग पंधरा सेंटीमीटरपर्यंत लांब होतं आणि वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत तो त्याहून उंच भरतो. पाणी पंचवीस ते अठ्ठावीस अंश, दिवा रोज आठ तास, आणि फिल्टरचा झोत मंद. जोराच्या प्रवाहात या लांब परांच्या माशाची दिवसभर ओढाताण होते. दर आठवड्याला पाव पाणी बदलतो. झाडं अमोनियाही शोषून घेतात, म्हणून दाट झाडांची टाकी मालकाच्या छोट्या चुका पोटात घालते. मोठ्या मात्र घालत नाही.

सहा जणांचं घर

झाडांचा दुसरा उपयोग मला बऱ्याच उशिरा कळला. झाडं नजर अडवतात.

त्या दिवाळीनंतर मी कुर्ल्याच्या बाजारात गेलो. मत्स्यालयाच्या दुकानांची तिथे रांग आहे. प्राणवायू भरून फुगवलेल्या पिशव्यांत मासे विकायला टांगलेले असतात, आणि चेन्नईतल्या कोलातूरची, कोलकात्याची पिल्लं इथे येतात. कोलातूरमध्ये कितीतरी घरांनी सिमेंटच्या हौदांत शोभेचे मासे वाढवून संसार उभे केले आहेत. मी एक जोडी मागितली. दुकानदारांनी मान हलवली. लहानपणी नर-मादी सांगता येत नाही, सहा न्या, जोडी ते स्वतः लावतील, असं त्यांनी समजावलं. एंजलबद्दल मला मिळालेला हा सगळ्यात शहाणा सल्ला.

सहा पिल्लं आली आणि आठवड्याभरात त्यांच्यात पायऱ्या ठरल्या. कोण आधी खाणार, कोण स्वोर्डच्या पानाखाली उभा राहणार, कोणी कोणाला वाट द्यायची. दोघे समोरासमोर येतात, पर फुलवतात, शेपटीने पाण्याचा धक्का देतात, आणि कधी तोंडात तोंड अडकवून ढकलाढकली करतात. हरलेला पट्टे फिके करून पानांआड जातो. पान नसेल तर तो जाणार कुठे? उघड्या टाकीत एकच दुबळा मासा दिवसभर मार खातो, खाद्याजवळ येत नाही, आणि मालकाला वाटतं त्याला रोग झाला. खायला घालताना सगळ्यात आधी त्यालाच पाहावं. सहावा मासा जेवला का, हा प्रश्न विचारल्याशिवाय मी डबी बंद करत नाही. गरज पडली तर एक कण त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात टाकतो.

या माशांना संख्येचीही जाण असते. स्पेनमधल्या ओविएदो विद्यापीठाचे लुईस गोमेझ-लाप्लाझा आणि कॅनडात टोरांटोला काम करणारे रॉबर्ट गेर्लाय यांनी एंजलवर प्रयोग केले आणि ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. अनोळखी टाकीत सोडलेल्या एकट्या एंजलला दोन बाजूंना दोन थवे दाखवले. तो मोठ्या थव्याकडे गेला. थव्यांत दुपटीच्या जवळपास फरक असला की निवड स्पष्ट व्हायची, फरक कमी झाला की गोंधळ. भेदरलेल्या एंजलला आपल्यांची गर्दी हवी असते आणि ती कुठे जास्त आहे हे त्याला दिसतं. एकटा एंजल शोभेला ठेवणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

तोंडात धरलेलं पिल्लू

दहा महिन्यांनी सहांपैकी दोघे वेगळे झाले. त्यांनी टाकीचा उजवा तिसरा हिस्सा आपला केला आणि बाकी चौघांना तिकडे फिरकू दिलं नाही. मग दोघे मिळून स्वोर्डचं एक उभं, रुंद पान तोंडाने घासू लागले. एका संध्याकाळी मादी पानावर खालून वर सरकत ओळीने अंडी चिकटवत गेली आणि नर तिच्या मागोमाग त्याच वाटेने. अंडी राजगिऱ्याच्या दाण्यासारखी, पिवळसर, तीनेकशे असावीत. दोघे आळीपाळीने परांनी वारा घालत होते, पांढरी पडलेली अंडी वेचून काढत होते. दुसऱ्या सकाळी पान कोरं होतं. आई-बापांनीच अंडी खाल्ली होती. पुढच्या खेपेलाही तेच.

त्या काळात माझं मन त्यांच्यावरून उडालं होतं, हे कबूल करतो. पुढे त्यामागची कारणं समजली. पहिलटकर जोडी बिचकते. दिवा अवेळी लागला, कुणी काच ठोकली, बाकीचे मासे घिरट्या घालू लागले, की अंडी वाचणार नाहीत असा तिचा पक्का समज होतो आणि ती त्यांतलं अन्न परत घेते. शिवाय व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या अंडी लगेच काढून वेगळी उबवली जातात. पिल्लं न सांभाळणाऱ्या आई-बापांचीही संतती तशीच बाजारात येते, आणि जपण्याचा वारसा विरळ होत जातो, असं अनुभवी पालक मानतात.

मूळ वारसा मात्र फार जुना आहे. तो पाहायला अमेझॉनला जायचीही गरज नाही. गोव्यात आणि कोकणच्या खाड्यांत ज्याला कालुंदर म्हणतात, तळून आवडीने खातात, तोही सिक्लिडच. केरळात तो करीमीन. १७९० मध्ये मत्स्यतज्ज्ञ ब्लॉख यांनी त्याला शास्त्रीय नाव देताना सुरतेचं नाव जोडलं. कालुंदरही बुडालेल्या लाकडावर, दगडावर अंडी चिकटवतो, आणि नर-मादी दोघं राखण करतात. या कुळाची भारत आणि मादागास्करमधली शाखा बाकी सगळ्यांपासून सर्वांत आधी वेगळी झालेली. म्हणजे मांडवीच्या खारफुटीतला कालुंदर आणि माझ्या हॉलमधला एंजल हे फार दूरचे, पण एकाच कुळाचे भाऊबंद.

याच कुळातल्या एका आफ्रिकन माशाची हकिकत प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४९ मधल्या आपल्या पुस्तकात सांगितली आहे. इंग्रजीत ते 'किंग सॉलोमन्स रिंग' या नावाने आलं. संध्याकाळी बाप मासा इकडेतिकडे गेलेली पिल्लं तोंडात धरून घरट्याकडे नेत होता. मध्येच त्याने एक किडा तोंडात घेतला आणि तो चावत असतानाच समोर एक चुकार पिल्लू आलं. त्याने तेही तोंडात घेतलं. आता तोंडात दोन गोष्टी. एक गिळायची, एक जपायची. मासा निश्चल थांबला. मग त्याने दोन्ही बाहेर टाकलं, पिल्लावर नजर ठेवून किडा खाल्ला, आणि नंतर पिल्लाला उचलून घरी नेलं.

मी ही हकिकत पुष्कळदा आठवतो. निऑन गिळणारं तोंड आणि पिल्लू अलगद पानावर सोडणारं तोंड एकच. काय आत घ्यायचं आणि काय फक्त धरायचं, एवढाच फरक.

गेल्या दिवाळीला आम्ही पुन्हा गावी गेलो. किल्ली काकूंकडेच दिली. दिव्याला टायमर होता. खाद्याची डबी नेहमीसारखी झाकणावर होती. ती लपवावी असं मला वाटलं नाही. पाडव्याच्या सकाळी त्यांचा फोन आला. आवाज एकदम हळू, कुणी झोपलं असावं तसा. "अहो, त्या रुंद पानावर राजगिऱ्यासारखं काहीतरी चिकटलंय. आणि ते दोघं तिथून हलतच नाहीत."

मी त्यांना समजावून सांगितलं. काच ठोकायची नाही, टायमर बदलायचा नाही. अडीच दिवसांत अंडी फुटतील, मग पिल्लं डोक्यावरच्या चिकट धाग्याने पानाला लोंबकळत राहतील, आणि पुढच्या चार-पाच दिवसांत पोहायला लागतील. तोपर्यंत आम्ही आलेलो असू आणि मी आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात घालीन. पिल्लांचं पहिलं जेवण तेच. ते खाल्लं की त्यांची इवलीशी पोटं केशरी दिसतात.

"मग आत्ता काही घालू का त्यांना?" काकूंनी विचारलं.

"नको, काकू."

फोनवर क्षणभर शांतता होती. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "बरं," त्या म्हणाल्या, "मग मी नुसती बसते जरा इथे."